छातीचा फोटो

अण्णांच्या छातीचा फोटो पहिल्यांदा मी पाहिला आणि ‘साफ आहे’ म्हणून सांगितलं. तो साफ नव्हता. लिहायचं आहे ते एवढंच, बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं. पण एवढ्यावर कुणी थांबू देत नाही. लगेच विचारतात, तू कशाला पाहिलास, तू काय डॉक्टर आहेस का?

डॉक्टर नाही. धाराशिवला डिप्लोमा केला आणि एका सरकारी संस्थेत नोकरीला लागले, त्याला वीस वर्षं झाली. रॉकेटला वर ढकलणारं जे घन इंधन असतं, त्यावर तिथं संशोधन होतं आणि ते तिथंच तयारही होतं. संस्था तुळजापूरपासून एक रात्र आणि अर्धा दिवस लांब, दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या भाषेत. आत काय चालतं ते बाहेर बोलायचं नाही, हे पहिल्या दिवशी सांगितलं जातं. नंतर त्याची इतकी सवय होते की बोलायला परवानगी असलेलंही कुणी बोलत नाही. आईला कित्येक वर्षं वाटायचं की मी खताच्या कारखान्यात आहे.

इंधन आधी पातळ असतं, इडलीच्या पिठासारखं. ते पोलादी नळकांड्यात ओततात आणि बरेच दिवस उबेत ठेवतात, मग ते रबरासारखं घट्ट होतं. ओतताना आत हवेचा बुडबुडा राहिला किंवा घट्ट होताना चीर गेली, तर वरून काहीही दिसत नाही. पेटल्यावर मात्र आग त्या चिरेत शिरते आणि सगळं फुटतं. म्हणून प्रत्येक नळकांड्याचे एक्स-रे काढतात. ते एक्स-रे मी वाचते. आमच्यात ‘वाचणं’ असाच शब्द आहे. अंधाऱ्या खोलीत उजेडाच्या पेटीवर फिल्म लावायची, डोळे अंधाराला सरावेपर्यंत गप्प बसायचं आणि मग भिंग घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकायचं. बोलण्यासारखं काही नसतं, त्यामुळं माझ्या स्वभावाला हे काम बरं पडलं. लग्नाचं विचारणारेही आता दमले आहेत.

मला शिकवणारे साहेब तेलुगू होते. त्यांना मराठी येत नव्हती, मला तेलुगू. मोडक्या हिंदीत त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, ‘काले से डरना. सफेद को जाने दो.’ म्हणजे जिथं आत पोकळी असते, तिथून किरण जास्त आरपार जातात आणि फिल्मवर काळं उमटतं. काळा ठिपका, काळी रेघ दिसली की हात थांबवायचा. पांढरं म्हणजे तिथं माल उलट जास्त दाट, कुठं भुकटीची गुठळी राहिली असेल. ती बाकीच्यासोबत जळून जाते. पांढऱ्याला मापाची एक मर्यादा आहे, तिच्या आत असलं की सोडून द्यायचं. वीस वर्षांत मी काळे खूप अडवले. पांढरा अडवल्याचं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंही आठवत नाही.

दुसरी रीत अशी की एक फिल्म दोघांनी वाचायची. वेगवेगळी, एकमेकांना काही न सांगता. माझं वाचून झालं की फिल्म दुसऱ्या माणसाकडे जाते, त्याला आम्ही नुसतं ‘सेकंड’ म्हणतो. सेकंड झाल्याशिवाय कागदावर सही होत नाही. कॅन्टीनमध्ये एका बाकावर बसून चहा पितानाही ‘तुला काय दिसलं’ हे विचारायचं नसतं. नवीन आलेली पोरं या रीतीला हसतात, वर्षभरानं हसत नाहीत.

अण्णा जळकोटच्या शाळेत मास्तर होते. आमचं घर तुळजापुरात, मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या मागच्या बोळात. रोज सकाळी एसटीनं जळकोटला जायचे, संध्याकाळी शर्टाच्या बाह्यांवर खडूची भुकटी घेऊन परत यायचे. रिटायर झाल्यावर त्यांना सांगायला नवीन विषय हवा होता आणि तो विषय मी झाले. आत काय चालतं ते मी सांगत नसे, पण एक्स-रे बघते एवढं एकदा बोलून गेले होते. तेवढ्यावर त्यांनी सगळ्या बोळाला सांगून टाकलं, ‘आमची लेक रॉकेटचे फोटो काढती.’ आता आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. छातीचा फोटो, पायाचा फोटो. पण रॉकेटचा फोटो म्हटल्यावर लोकांना काय कळणार? मी सुट्टीला गेले की कुणीतरी विचारायचंच, कॅमेरा केवढा असतो म्हणून. अण्णांनी ती समजूत कधी दुरुस्त केली नाही. टीव्हीवर उड्डाण दाखवायला लागले की शेजारच्यांना बोलावून घ्यायचे आणि आगीकडे बोट दाखवून म्हणायचे, ‘ही आग पोरीनं तपासलेली हाय.’ कुठलं नळकांडं कुठल्या रॉकेटला लागतं हे मला स्वतःला ठाऊक नसतं. मी तसं सांगितलं तर म्हणाले, ‘तू गप. लोकांना बघू दे.’

त्या वर्षी मी दसऱ्यानंतर सुट्टी घेतली. सोलापूरला उतरले तेव्हा तुळजापूरचा रस्ता पौर्णिमेला चालत जाणाऱ्या माणसांनी भरला होता, बस लांबून वळवून नेली. घरी पोचले तर अण्णा खोकत होते. खोकला श्रावणापासूनचा होता, मला फोनवर सांगितला नव्हता. आईनं मागं लागून डॉक्टरकडे पाठवलं होतं, डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून आणायला सांगितलं होतं. फोटो काढून झाला होता. पण डॉक्टरांची ड्यूटी यात्रेतल्या दवाखान्यात लागली होती, ते चार दिवसांनी भेटणार होते. फोटो मोठ्या पाकिटात घालून टीव्हीच्या मागं उभा करून ठेवला होता.

‘बघ गं माय,’ अण्णा पाकीट पुढं करत म्हणाले. ‘तुझंच काम घरी आलंय.’

‘मी माणसांचे नाही बघत अण्णा.’

‘फोटो त्यो फोटो. रॉकेट पडलं तर देशाची बातमी हुती. मास्तरचं काय!’

आई दारात बसून शेपू निवडत होती. ती म्हणाली, ‘चार दिसांनी डॉक्टरलाच दाखवा की. ती काय डॉक्टर हाय व्हय?’

हे मला लागलं. त्यात लागण्यासारखं काहीही नव्हतं, पण लागलं. वीस वर्षं मी काय करते याची आईला कधी चौकशी नव्हती आणि आज एकदाच बोलली ती अशी. मी पाकिटातून फिल्म काढली आणि खिडकीच्या उजेडावर धरली. अण्णा माझ्या खांद्याशी येऊन उभे राहिले. ज्यांनी मला पाढे शिकवले ते मास्तर माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. मला ते आवडलं, हे मला लिहायलाच पाहिजे.

मी नेहमीसारखी वाचली. वरच्या टोकापासून खाली, डावीकडून उजवीकडे. बरगड्यांना चीर शोधली. काळी रेघ कुठं आहे का ते शोधलं. छाती म्हणजे आत हवाच, तिथं काळं असायचंच, एवढं मला समजत होतं, म्हणून त्या काळ्यातलं जास्त काळं शोधत बसले. ते कुठं नव्हतं. पांढरं तर सगळीकडेच होतं, हाडं पांढरी, काळीज पांढरं. उजव्या अंगाला वरच्या बाजूला, दोन बरगड्यांच्या मधे, बोराएवढं आणखी एक पांढरं होतं. ते मला दिसलं. दिसलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. माझी नजर त्याच्यावर टेकली, मनातल्या मनात त्याचं माप घेतलं आणि पुढं सरकली.

‘साफ आहे,’ मी म्हणाले. आणि तेवढ्यावर न थांबता म्हणाले, ‘खडूचाच खोकला आहे तुमचा.’

अण्णा मोठ्यानं हसले, हसता हसता खोकले. आईकडे बघून म्हणाले, ‘ऐकलंस का? पास झालो.’ आईनं शेपूची जुडी झटकली आणि आत गेली.

ते डॉक्टरांकडे गेले नाहीत. गेले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी इतक्या वेळा केला आहे की आता तो नुसता येतो आणि जातो. दिवाळीत फोनवर त्यांचा खोकला ऐकू आला. मी म्हणाले, एकदा दाखवून तरी या. तर म्हणाले, ‘अगं खडू हाय त्यो, तूच म्हणलीस की.’ मी म्हणाले, ‘हो, तेही खरंच.’ आणि आम्ही दुसरं काहीतरी बोलायला लागलो.

संक्रांत झाल्यावर आईचा फोन आला. आई स्वतःहून फोन करत नाही. म्हणाली, ‘रगत पडलं. तू ये.’

सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरांनी नवीन फोटो काढला आणि जुना मागितला. जुना आईनं आणला होता, त्याच पाकिटात. डॉक्टरांनी दोन्ही शेजारी शेजारी उजेडाच्या पेटीवर लावले. तसल्या पेटीसमोर माझा जन्म गेला आहे. त्या पांढऱ्या बोराचं लिंबू झालं होतं, आणि आजूबाजूला लहान लहान आणखी होती. काही सांगायची गरजच नव्हती. खोलीत जी वाचू शकत होती ती मी एकटीच, म्हणजे डॉक्टर सोडले तर.

डॉक्टरांनी जुन्या फोटोवर बोट ठेवलं. ‘हे तेव्हाच दिसत होतं. तेव्हा आला असता तर कापून तरी काढता आलं असतं. हा फोटो कुणी बघितला होता?’

मी तोंड उघडलं. निदान मला तसं वाटतं. तेवढ्यात अण्णा म्हणाले, ‘कुणालाच दाखवला न्हाय साहेब. ऱ्हाऊनच गेलं.’

‘तुम्ही मास्तर ना? शिकलेली माणसं अशी वागायला लागली तर मग बाकीच्यांना काय बोलायचं?’

‘चुकलंच,’ अण्णा म्हणाले. खाली मान घालून बसले होते, हात मांडीवर. त्यांच्या वर्गात गृहपाठ न केलेली पोरं अशी बसत असतील. आई भिंतीशी बाकावर पिशवी धरून बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी बोलले नाही. त्या वेळी बोलले असते तर काही बदललं नसतं, हे मला माहीत आहे. तरी ते माझं बोलणं होतं आणि ते माझ्याऐवजी त्यांनी केलं.

मधे महिनाभर मला कामावर परत जावं लागलं. लोकांना वाटतं, अशा वेळी हात कापत असेल, फिल्मवर वडिलांची छाती दिसत असेल. तसलं काही झालं नाही. मी अंधारात बसले, डोळे सरावले, भिंग घेतलं आणि वाचायला लागले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका फिल्मवर पांढरा ठिपका आला. मापाच्या आत होता. मी तो सोडला, कागदावर तसं लिहिलं आणि फिल्म पुढं पाठवली. सेकंडनंही सोडला. बरोबरच होतं ते, तिथं ते बरोबरच असतं. संध्याकाळी खोलीवर येऊन भात टाकला, जेवले, झोपले. मला रडू येत नव्हतं आणि रडू येत नाही याचंही काही वाटत नव्हतं. पायाला मुंग्या आल्यावर पाय असतो पण आपला नसतो, तसं चालू होतं सगळं.

होळीच्या सुमारास मी रजा टाकून घरी राहायला आले. अण्णांचं अंग उतरलं होतं, शर्ट खांद्यावरून घसरायचा. डॉक्टरांनी जे सुचवलं ते सगळं केलं, त्याचा उपयोग किती हे तेही सांगत नव्हते. अण्णा बोळात खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, ‘लेक आलीय. मोठी रजा काढून आलीय.’ मी रोज ठरवायची की आज बोलायचं. ‘अण्णा, मला ते दिसलं होतं’ एवढं पाच शब्दांचं वाक्य. ते तोंडात घेऊन मी त्यांना औषध द्यायची, पाठ चोळायची, पेपर वाचून दाखवायची.

एका दुपारी आई देवळात गेली होती. मी खाटेशी बसून मोसंबं सोलत होते. म्हणाले, ‘अण्णा, तो फोटो...’

ते डोळे मिटून पडले होते. डोळे न उघडताच म्हणाले, ‘तुमच्यात एकट्यानंच बघून पास करत्यात का गं?’

‘नाही. दोघं बघतात. दुसऱ्यानं बघितल्याशिवाय पास होत नाही.’

‘बरं हाय ते,’ अण्णा म्हणाले. थोडा वेळ दम घेतला. ‘मंग एकट्यावर येत न्हाय.’

आणि भिंतीकडे कूस वळवली. मोसंबं सोलून झालं होतं. मी फोडी वाटीत ठेवल्या, वाटी झाकली आणि तिथंच बसून राहिले. माझं वाक्य राहिलं ते राहिलंच. त्यांना सगळं कळलं होतं, आणि माझ्या तोंडून ते ऐकायचं नव्हतं. हे मी माझ्या सोयीनं ठरवलेलं आहे का, हेही आता मला सांगता येत नाही.

वैशाखात अण्णा गेले. सकाळची वेळ होती, बोळात पाणी आलेलं होतं, आई हंडा लावायला बाहेर गेली होती. चुलतभावानं सगळं केलं. जळकोटहून त्यांचे जुने विद्यार्थी आले, टक्कल पडलेली, पोट सुटलेली माणसं, दारात चपला काढून रांगेनं आत येत होती. सगळे मला सांगत होते की मास्तर तुमच्याबद्दल फार बोलायचे. मी मान हलवत होते. आई रडली, बायकांनी तिला धरलं. माझ्याकडे बघून एक आत्या दुसरीला म्हणाली, ‘हिला अजून उमगलंच न्हाय वाटतं.’ मला सगळं उमगलं होतं, त्यांच्यापेक्षा चार महिने आधी.

तेरावं झाल्यावर दोन दिवसांनी माझं परतीचं तिकीट होतं. आदल्या दिवशी सकाळी मी बॅग भरत होते, आई आतल्या खोलीत अण्णांचे कपडे वेगळे काढत होती. तेवढ्यात कुंकवाचं दुकान चालवणाऱ्या एक मावशी दारात आल्या, आमच्याच बोळातल्या. हातात मोठं पाकीट होतं.

‘जायच्या आधी एवढं बघ गं बाई,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्या ह्यांच्या छातीचा फोटो. उद्या डॉक्टरकडं न्यायचाय, पण म्हणलं तू हाईस तर आधी बघून घ्यावा. मास्तर म्हणायचे, आमच्या लेकीसारखी नजर कुणाची न्हाय.’

त्यांनी पाकिटातून फिल्म काढायलाही सुरुवात केली होती. मी त्यांचा हात धरला.

‘मावशी, मला यातलं काही कळत नाही.’

‘असं काय गं म्हणतीस? रोज हेच बघतीस की.’

‘ते वेगळं असतं. माणसाचं मला खरंच कळत नाही. डॉक्टरला दाखवा. आणि एकालाच नाही, दोघांना दाखवा.’

मावशींना ते आवडलं नाही. वडील गेले आणि पोरीचा भाव वाढला, असं काहीतरी त्यांच्या तोंडावर होतं. ‘बरं बाई,’ म्हणाल्या, फिल्म पाकिटात सरकवली आणि पायऱ्या उतरून गेल्या. मी परत बॅगेकडे वळले.

आतल्या खोलीतून कपडे झटकल्याचा आवाज येत होता, तो थांबला. आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात अण्णांचा पांढरा शर्ट होता. दसऱ्यापासून त्या दिवसापर्यंत फोटोबद्दल ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

‘हे तवाच का न्हाय म्हणलीस?’ ती म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारायचं म्हणून विचारलं होतं, आणि उत्तर दिल्याशिवाय ती हलणार नव्हती.

‘तेव्हा मला वाटलं, मला कळतं.’

आईनं शर्टाची बाही सरळ केली, कॉलर आत दुमडली.

‘ह्यांनाबी तसंच वाटलं,’ ती म्हणाली आणि शर्ट घेऊन आत गेली.